अण्णा दोनदा वारले

माझे वडील दोनदा वारले. दुसऱ्यांदा वारले ते औशात, राहत्या घरी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सकाळचा चहा अर्धा पिऊन. पहिल्यांदा वारले ते नांदेडात, एका कोचिंग क्लासच्या पहिल्या मजल्यावर, अकरावीच्या खच्चून भरलेल्या बॅचसमोर, फळ्याच्या डाव्या अंगाला. त्या वेळी ते स्वतः औशातल्या दुकानात कुणाच्या तरी बाजेचा पाय तासत बसले होते आणि आपण वारलो याची त्यांना काडीची कल्पना नव्हती. त्यांना मारलं मी. हत्यार म्हणाल तर फक्त जीभ.

आठ वर्षं मी ही गोष्ट सांगितली. ज्या पोरापोरींनी माझ्या अण्णांसाठी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली, रुमालानं डोळे पुसले, त्यांतले आज कुणी डॉक्टर आहेत, कुणी इंजिनीअर, कुणी माझ्यासारखेच दुसऱ्यांची पोरं शिकवून राहिलेत. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हे पडलं तर पडो. त्यांच्यासाठीच लिहितोय.

मी लहानपणापासूनचा थापाड्या. औशाचा बसस्टँड ही माझी शाळा. खऱ्या शाळेत मी अधूनमधून हवापालट म्हणून जायचो. एकदा किल्ल्याच्या बुरुजावर मला एक सरडा दिसला. घरी येईपर्यंत त्याची घोरपड झाली, संध्याकाळी मगर झाली आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारलं तेव्हा तिच्या पाठीवर निजामाचा शिक्का होता. लोक हसायचे, चहा पाजायचे, 'पुन्हा सांग' म्हणायचे. खरं बोलणाऱ्याला 'पुन्हा सांग' असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही.

अण्णा नेमके उलटे. सुतार माणूस. सोलापूर रोडला पत्र्याचं दुकान, कानावर पेन्सिल, डोक्याला टोपी, टोपीवर भुसा. दिवसभरात ते जेवढे शब्द बोलायचे तेवढे मी एका शिंकेनंतर बोलतो. त्यातलेही निम्मे लाकडाशी. 'ये, अशी ये,' असं ते फळीला म्हणायचे तेव्हा मला वाटायचं, हा आवाज आपल्यासाठी कधी काढला नाही यांनी.

अमावास्येला सुतार हत्याराला हात लावत नाही. बाकीचे सुतार त्या दिवशी ताणून द्यायचे, नाहीतर पत्ते कुटायचे. अण्णा सायकल काढायचे आणि दारं बघायला जायचे. आपण केलेली दारं. पार किल्लारीपर्यंत, तेरणेच्या काठच्या खेड्यांपर्यंत. कुणाच्याही दारात सायकल टेकवायची, 'राम राम, दार बघाया आलो,' म्हणायचं. दार उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं. पावसानं फुगलंय का, बिजागरी कुरकुरते का, उंबऱ्याशी फट पडली का. घरची बाई चहा टाकायची, तो प्यायचा आणि पुढच्या गावाला. मला एकदोनदा कॅरिअरवर बसवून नेलं होतं. मी विचारलं, 'अण्णा, दार देऊन चार वर्षं झाली, आता कशाला बघायचं?'

म्हणाले, 'लेक दिल्यावर बघून यावं लागतं की न्हाई?'

मला लाज वाटायची. माझे मित्र विचारायचे, 'तुझा बाप आवसेला लोकांची दारं का वाजवत हिंडतो बे?' मी त्यांना सांगितलं होतं की अण्णा रझाकारांच्या काळातलं पुरलेलं सोनं शोधतात आणि खुणा दारांच्या आत कोरलेल्या आहेत. बापाची लाज वाटली की त्याच्या जागी दुसरा बाप उभा करायचा, ही सवय तेव्हाची.

भूकंप झाला तेव्हा मी अकरावीत होतो. गणपती बुडवून लोक झोपलेले आणि पहाटे जमीन हलली. क्लासमध्ये मी सांगायचो की अण्णांनी मला वाचवलं. खरं असं की सगळ्यांच्या आधी बाहेर पडलो तो मीच. आईला, बहिणीला, अण्णांना ओलांडून, पांघरुणासकट, थेट बसस्टँडपर्यंत. औशात आमच्या आळीत भांडी पडली, भिंतींना चिरा गेल्या, माणसं वाचली. अण्णा शेवटी बाहेर आले, घरची माणसं मोजली, एक कमी भरला म्हणून मला हुडकत आले. मला पाहून म्हणाले, 'हाईस का?' आणि परत वळले.

उजाडल्यावर किल्लारीकडून पहिली जीप आली. तिच्या ड्रायव्हरला बोलताच येईना. तो नुसता हात आडवा करून दाखवत होता, सगळं सपाट, सगळं सपाट. अण्णांनी करवत आणि वाकस ही हत्यारं पोत्यात गुंडाळली, जीपच्या मागं लटकले आणि गेले. पाच दिवस आले नाहीत.

त्या पाच दिवसांत मी बसस्टँडवर भूकंप सांगितला. कुठकुठून माणसं येत होती, मदतवाले, वर्तमानपत्रवाले, नुसते बघेसुद्धा. मी त्यांना सांगायचो की जमिनीतून निळा उजेड निघाला, विहिरीचं पाणी उसळून कडुनिंबाच्या शेंड्याला लागलं आणि शेजारची म्हैस तीन तास आधी 'उठा' म्हणाली. म्हशीचं फारसं कुणी मानलं नाही, पण भजी मिळाली. पोट भरून भजी खाल्ली मी त्या पाच दिवसांत.

पाचव्या दिवशी अण्णा आले. आईनं त्यांचे कपडे अंगणातच उतरवून घेतले आणि तिथंच जाळले. अंघोळ करून ते भिंतीला टेकून बसले. महिनाभर करवत पोत्यातून निघाली नाही. पुढच्या आवसेला सायकल निघाली नाही, आणि त्यानंतरच्या कुठल्याच आवसेला नाही. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, तिकडं शेडबिड उभारायचं काम मिळालं असेल, दमले असतील. शपथेवर सांगतो, माझ्या शपथेला काय किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा, पण पुढची कितीतरी वर्षं मला एवढंच वाटत राहिलं.

मग लातूर पेटलं. म्हणजे शिकवण्यांनी. बोर्डात पहिले येणारे सगळे लातूरचे, असं महाराष्ट्रभर झालं आणि जिकडेतिकडे क्लास उघडले. गल्लीत कुत्रं भुंकलं तरी लोक विचारायचे, बायोलॉजी शिकवतं का फिजिक्स? पोरांच्या झुंडी आल्या, खोल्या कमी पडल्या, आणि खोल्यांना खाटा लागल्या, क्लासना बाकं लागली. अण्णांनी लोकांची दारं सोडली आणि बाकं धरली. अर्ध्या लातूरची पोरं अण्णांच्या बाकावर बसून डॉक्टर झाली, असं मी म्हणतो. अर्ध्या नसतील, पण मी नक्की झालो. डॉक्टर नाही, एम.एस्सी. माझ्या लातूरच्या क्लासची फी अण्णांनी त्याच क्लासला बाकं करून फेडली. मी ज्या बाकावर बसायचो ते त्यांचंच होतं आणि हे मी शेजारच्या पोराला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

पुढं मी नांदेडला मास्तर म्हणून गेलो. तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. थापाड्याला याहून मोठं सुख नाही.

महिना झाला तसं क्लासच्या मालकांनी बोलावलं. म्हणाले, 'सर, तुमचं फिजिक्स चांगलं आहे, पण पोरं पेंगतात. जरा आतून हलवा की त्यांना. तुमच्याकडं काही संघर्ष वगैरे नाही का?'

आता माझा संघर्ष काय? बाप बाकं करत होता आणि मी बसत होतो. पण दुसऱ्या दिवशी भूकंपाचा दिवस होता, मी लातूरकडचा होतो आणि तोंड माझं होतं. तासाला मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, 'आज माझ्या वडिलांचा स्मृतिदिन आहे.' वर्गात टाचणी पडली असती तर बॉम्ब फुटल्यासारखं वाटलं असतं. मग मी सांगितलं, आमचं घर किल्लारीजवळ, पहाटे मातीचं माळवद कोसळलं, माझ्या सुतार बापानं तुळई आपल्या खांद्यावर पेलली, मला खालून सरपटत बाहेर जाऊ दिलं, 'शिक' म्हणाला आणि गेला.

पहिल्या बाकावरची पोरगी हुंदके देऊन रडली. मालक दारात उभे होते, त्यांनीही चष्मा काढला. आणि माझ्या जिभेला रक्त लागलं.

दुसऱ्या वर्षी तुळया दोन झाल्या. तिसऱ्या वर्षी अण्णांनी तुळई पेलून धरत मला सायन्स घ्यायला सांगितलं. चौथ्या वर्षी शेजारच्या पोरीलाही वाचवलं. भूकंप पाहिलेली पोरं संपली होती, नुसता ऐकलेली येत होती. त्यांना काहीही चालायचं. मालक म्हणाले, फोटो लावू. मी बहिणीच्या लग्नातला फोटो काढून दिला. लेक सासरी चालली तेव्हाचा अण्णांचा चेहरा. गेलेल्या माणसाला शोभावा इतका गंभीर. फोटोवाल्यानं शेजारची आई कापून टाकली आणि अण्णा तेवढे मोठे करून दिले. त्याला मी स्वतःच्या हातानं चंदनाचा हार घातला. जित्या बापाच्या फोटोला. हार घालताना हात कापला का? खोटं कशाला सांगू, नाही कापला. हार जरा डावीकडं सरकलाय, एवढं मनात आलं.

दर दोन महिन्यांनी औशाला जायचो. अण्णा दिसायचे, जेवायचो, परत यायचो. मनात काही टोचायचं नाही. औशातले अण्णा वेगळे आणि नांदेडातले वेगळे, असा माझा हिशेब बसला होता.

पुढं प्लायवूड आलं, लोखंडी बाकं आली, अण्णांचे गुडघे गेले आणि दुकान बंद झालं. मी आईला आणि त्यांना नांदेडला घेऊन आलो. मोठ्या दिमाखात आणलं. आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, 'अण्णा, क्लासला यायची दगदग करू नका. बावन्न पायऱ्या आहेत, उभ्या.'

'बावन्न?' अण्णा म्हणाले. 'देऊळ हाय का काय?'

दोन महिने निभावलं. निवृत्त कारागिरासारखं अवघड माणूस नाही. अण्णांनी आमच्या फ्लॅटची सगळी दारं उघडून लावून पाहिली आणि एकेकाची कीव केली. एका रात्री जेवताना मी बायकोला म्हणालो की वर्गातली बाकं इतकी कुरकुरतात की न्यूटन काय म्हणाला ते मागच्या रांगेला ऐकूच येत नाही. बोललो आणि विसरलो. अण्णा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

चार दिवसांनी बायको आईला घेऊन गुरुद्वाऱ्याला गेली. घरी अण्णा एकटेच. त्यांनी हत्यारांची पिशवी घेतली, रिक्षात बसले आणि क्लासचं नाव सांगितलं.

मी कॉफी पिऊन वर चढत होतो. सुट्टीची वेळ, वर्ग बहुतेक रिकामा. पायऱ्यांवरच मला ठोकण्याचा आवाज आला. तो ठोका मी ओळखतो. दोन हलके, एक जड. मी दाराबाहेर थांबलो.

अण्णा एक बाक उलटं करून त्याच्या पायाशी बसले होते. समोर माझी एक विद्यार्थिनी डबा खात होती, मोठी बोलकी पोरगी. अण्णा मधूनच वर, भिंतीकडं बघत होते.

'बाबा, त्या फोटोकडं बघून राहिलात का?' ती म्हणाली. 'ते आमच्या सरांचे वडील. भूकंपात गेले.'

'असं का.'

'तुमच्यासारखेच सुतार होते.'

'हां का.'

फोटोतल्या अण्णांना काळ्याभोर मिशा होत्या, गाल भरलेले होते. खाली बसलेल्या अण्णांना मिशा नव्हत्या, गाल आत गेलेले. तिनं ओळखावं कसं? तिनं डबा बाजूला ठेवला आणि सगळी गोष्ट सांगितली, माझ्याच चढउतारांसकट, जिथं मी थांबायचो तिथं थांबून. तुळई, खांदा, सरपटणं, शेजारची पोरगी. आणि अण्णा हातातली हातोडी मांडीवर ठेवून स्वतःचं मरण ऐकत होते.

'आन जाताना काय म्हणले ते?' त्यांनी विचारलं.

'शिक म्हणाले. सायन्स घे म्हणाले.'

'सायन्स घे म्हणले?'

'हो ना.'

'शाणा माणूस हुता,' अण्णा म्हणाले.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. पोरगी उठून उभी राहिली. अण्णाही गुडघ्यावर हात देऊन उठायला लागले, आणि उठायला त्यांना इतका वेळ लागला की तेवढ्यात मी काहीही करू शकलो असतो. 'अण्णा' म्हणू शकलो असतो. एवढाच शब्द होता. माझी जीभ, जी मगरीवर निजामाचा शिक्का उठवते, ती टाळूला चिकटली.

अण्णांनीच सोडवलं. हात जोडले. 'राम राम सर. बाकड्याला आलोय.'

आणि मी म्हणालो, 'हां. आटपलं की खाली ऑफिसात सांगून जा.'

'हाव,' अण्णा म्हणाले.

मी खिडकीशी जाऊन वह्या चाळायला लागलो. एकही अक्षर दिसत नव्हतं. अण्णांनी बाक सरळ केलं, हलवून पाहिलं. मग भिंतीजवळ गेले, फोटो खाली उतरवला, हार काढून टेबलावर ठेवला. पोरगी म्हणाली, 'अहो बाबा, ते नका काढू!'

'फ्रेमचं कोपरं उघडं पडल्यात,' ते म्हणाले. 'काटकोनात जुळवलं न्हाई कुणी.' त्यांनी पटाशीनं कोपरे नीट केले, बारीक खिळे मारले, फोटो पुन्हा टांगला, लांब होऊन एक डोळा मिटून पाहिला, हार घातला आणि मधोमध आणला. 'आता बसला,' म्हणाले, आणि पिशवी उचलून गेले. ऑफिसात सांगायला थांबले नाहीत.

संध्याकाळी घरी गेलो. आई आणि बायको आत. अण्णा गॅलरीत खुर्चीवर. मी समोर उभा राहिलो, बसायची हिंमत झाली नाही.

अण्णाच म्हणाले, 'एकवीस पायऱ्या हायत्या. तू बावन्न म्हणला हुतास.'

'अण्णा...'

'मारलंस ते मारलंस. पण खांद्यावर तुळई पेलली असं कशाला सांगतोस? चार माणसं लागत्यात तुळईला. एखादं शहाणं पोरगं इचारलं तर काय सांगशील?'

'चुकलं अण्णा.'

'आन तुळई अंगावर पडली की माणूस बोलत न्हाई. शिक न्हाई, सायन्स न्हाई. काईच बोलत न्हाई.' मग म्हणाले, 'सकाळच्या गाडीनं जातो आमी. तुझ्या गावात मी मेलेला हाय. हितं हिंडलो तर लोकाला भ्या वाटंल.'

मी हसलो. सवय. ते हसले नाहीत. आईला त्यांनी सांगितलं की नांदेडचं पाणी मानवत नाही. त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकुलती एक थाप, तीही माझ्यासाठी. सकाळी मी त्यांना लातूरच्या बसमध्ये बसवून दिलं. त्यांनी खिडकीची काच दोनदा पुढंमागं सरकवून पाहिली आणि पुढं बघत बसले.

दुपारी ती पोरगी मला स्टाफरूममध्ये भेटायला आली. म्हणाली, 'सर, काल ते सुतार बाबा आले होते ना, ते कुठं राहतात?'

'का गं?'

'तुम्ही वर यायच्या आधी त्यांनी मला गाव विचारलं. मी सांगितलं, किल्लारीच्या बाजूचं, पुनर्वसनातलं. तर म्हणाले, जुन्या गावात कुणाचं घर? मी आजोबांचं नाव सांगितलं. तर सर, त्यांनी आमच्या घराचं दार सांगितलं मला! दोन फळ्यांचं, कडुनिंबाचं, खाली पितळी पट्टी. आमच्या घरात सांगतात तसंच्या तसं. म्हणाले, ते दार मी केलं होतं. आणि म्हणाले, मीच कापलं. भूकंपानंतर चितेला लाकूड नव्हतं, तर ढिगाऱ्यातल्या तुळया आणि दारं काढून ते पाच दिवस कापत होते, सर. कितीतरी गावांत. बरीच दारं त्यांनीच केलेली होती. माझी आजी आणि मोठे काका त्या दाराच्या लाकडाच्या चितेवर गेले. आमच्या घरी हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.'

मी तिला खुर्ची पुढं केली.

'सर, त्यांना एकदा बोलवा ना. तुमच्या वडिलांच्या स्मृतिदिनाला. सगळ्या बॅचला ऐकू दे. तुमच्यासारखंच त्यांनीबी सगळं डोळ्यांनी पाहिलंय.'

'बोलवू,' मी म्हणालो. 'नक्की बोलवू.'

त्या रविवारी औशाला गेलो. वाटभर ठरवत होतो, पाय धरू, विचारू, म्हणू की चला, माझ्या वर्गात उभे राहा, मी सगळ्यांना सांगतो हे कोण आहेत. अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. मी जवळ बसलो आणि म्हणालो, 'अण्णा, किल्लारीकडं तुम्ही पाच दिवस...'

त्यांनी नुसता हात वर केला. म्हणाले, 'ती पोरगी हुशार हाय. तिला नीट शिकीव.'

तिला नीट शिकवलं. ती मेडिकलला लागली, जाताना पेढे घेऊन आली आणि 'बाबांना बोलवायचं राहिलंच, सर,' म्हणाली. मी फोटो उतरवून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. विचारणाऱ्यांना सांगितलं, मोठा करायला दिलाय. गोष्ट सांगणं बंद केलं. मला वाटलं, बंद केली म्हणजे फिटलं. पण गोष्ट पोरांच्या तोंडी होती, जुनी बॅच नव्या बॅचला सांगायची, आणि 'सर आता सांगत नाहीत, त्यांना फार त्रास होतो,' असंही त्यात वर जोडायची. अण्णांना परत जिवंत करायचं तर मला स्वतःच्या तोंडानं करावं लागणार होतं. दर सोमवारी ठरवायचो. चार वर्षं सोमवार येत राहिले.

मग आईचा फोन आला. चहा अर्धा राहिला होता.

क्लासला गावाकडं काम आहे एवढंच कळवलं आणि औशात सगळं रीतसर केलं. दहाव्याला केस दिले. तेराव्याला गाव जेवलं. कुठून कुठून म्हातारी माणसं आली होती, मी त्यांना ओळखत नव्हतो. 'आमचं दार त्यांचं हाय,' एवढंच सांगायची आणि पंगतीला बसायची. पुनर्वसनातल्या गावांतूनही आली होती. त्यांनी दाराचं नाव काढलं नाही. माझ्याकडं बघून नुसते हात जोडले.

चौदाव्या दिवशी मी नांदेडला वर्गात शिरलो. चकचकीत डोकं, मागं शेंडी. सगळे डोक्याकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं, आता कळलंच यांना, आता सांगायचीही गरज नाही. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात मागून एक पोरगा ओरडला, 'गोविंदा, गोविंदा!'

अख्खा वर्ग हसला. बरोबरच होतं. यांच्या लेखी माझे वडील जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती. बापाचं सुतक मला पुन्हा कसं येणार? डोकं भादरलंय म्हणजे सर तिरुपतीला जाऊन आले.

'सर, तिरुपती ना?'

त्या एका क्षणात सगळं होतं. 'नाही' म्हणायचं, बस्स. पण साठ चेहरे आनंदानं माझ्याकडं बघत होते, आणि मी साठ आनंदी चेहऱ्यांना आयुष्यात कधी 'नाही' म्हटलेलं नाही.

'हो,' मी म्हणालो.

'सर, लाडू?'

'उद्या.'

संध्याकाळी मिठाईच्या दुकानात गेलो. म्हणालो, तिरुपतीच्या लाडवासारखे करून द्या, मोठे, काजू आणि वेलदोडे दिसले पाहिजेत. दुकानदार म्हातारा होता. त्यानं माझं डोकं पाहिलं, शेंडी पाहिली, आणि हातातला चमचा खाली ठेवला.

'कोण गेलं?'

'वडील,' मी म्हणालो.

'वय?'

'चौऱ्याहत्तर.'

'काय करायचे?'

'सुतार होते. औशाला.' नांदेडात आल्यापासून घराबाहेर कुणाशी अण्णांबद्दल मी खरं बोललो ते हे पहिल्यांदा.

'चांगलं झालं, पिकल्या पानी गेले,' तो म्हणाला. मग विचारलं, 'मग तिरुपतीसारखे लाडू कशाला, साहेब?'

'साठ लागतील,' मी म्हणालो. तो खाली मान घालून लाडू वळायला लागला.

दुसऱ्या दिवशी वर्गात वाटले. पोरांनी चपला काढल्या. उजव्या हातात घेतले, कपाळाला लावले, डोळे मिटून खाल्ले. एक कणही सांडू दिला नाही कुणी. दुसऱ्या रांगेतल्या हिंगोलीकडच्या एका पोरीनं अर्धाच खाल्ला आणि उरलेला वहीच्या कागदात गुंडाळायला लागली.

'काय गं, आवडला नाही का?'

'तसं नाही सर. शनिवारी घरी जायचंय. पप्पांना नेते. ते कधी तिरुपतीला गेले नाहीत.'

मी ट्रेमधला एक अख्खा लाडू उचलला, तिच्या कागदात ठेवला आणि घडी नीट घालून दिली.